अंघोळीच्या आधी

मी शोभा, नांदेडाकडची, बौद्धाची पोर, लग्न होऊन हैदराबादेत कुकटपल्लीला आले अन् तवापासून दवाखान्यात आयाचं काम करते, पेशंटला पुसून काढायचं, कूस बदलायची, चादर बदलायची. आयाला हात असतात, डोळे नसतात, असं इथल्या लोकांना वाटतं, काय सांगू तुम्हाला.

मलकपेठच्या रुक्मीनकाकू होत्या, जलमभर खानावळीत चुलीपुढं बसून छातीचा पार भाता झालेला, गळ्याला भोक पाडून नळी घातलेली अन् श्वास सगळा मशीनचा. ते मशीन सोडवायचं म्हंजे सकाळी काढून बघायचं, बाई आपल्या दमानं श्वास घेती का. तीन दिवस काढलं, तिन्ही दिवस धाप लागली, परत लावलं, फाइलीत लिवलं, फेल. मोठे डॉक्टर काकूच्या लेकाला म्हनले, अम्माकू अब मशीनीच होना, कल एक बार देखते, फिर बस, म्हंजे उद्याचा शेवटचा डाव, मग जलमभर मशीनच. लेक भिंतीला टेकून रडला.

आता माझं ऐका. डॉक्टर नऊला येनार, म्हनून अंघोळ पावनेनऊला, साहेबाला पेशंट चकाचक दिसला पायजे. मी बाईला या कुशीवरून त्या कुशीवर लोळवायची, ती अर्धमेली व्हायची, अन् लगेच हे मशीन काढनार. अहो, धडधाकट मानसाला धाप लागंल. सिस्टरला म्हनलं, अंघोळ मागून घालू का, तर म्हनली, तू डॉक्टर है क्या. लई राग आला, अजून येतो.

चौथ्या दिवशी अंघोळ घातलीच नाही. गरम पानी नाही म्हनलं, खोटं बोलले. काकूंना उशा लावून बसवलं, नुसता हात धरला. मशीन काढलं. एक तास गेला, दोन गेले, बाई आपली श्वास घेत बसली. डॉक्टर म्हनले, नवं औषध लागू पडलं. मला मेमो, कामात कसूर.

मग रोज मी अंघोळीला उशीर करायची, रोज काकूंचा बिनमशीनचा वेळ तासभर वाढायचा. शेवटी मशीन गेलं, नळीला बोलायचं झाकन लावलं, सगळे भोवती उभे, अन् काकू पहिलं बोलल्या ते माझ्याकडं बघून, शोभे, आता घाल अंघोळ.

काकू घरी हायत, सुखी राहोत. अंघोळ अजून पावनेनऊलाच हाय. त्याच खाटेवर आता दुसरी बाई हाय, तिचं मशीन उद्या काढून बघनार. तुम्ही लिवता ना, लिवा मग, उद्या बी गरम पानी नसनार.