गोजरचा राब

देवकी : अवो, राब काय पळून जातोय? शिपाई येईलच आता. हात धुवा नि दोन घास तरी खाऊन घ्या.

बारकू : या कडेला माती टाकायची राह्यलीय. भाताच्या रोपाची जमीन भाजायचीय, पाला उघडा राह्यला तर भडका उडंल. टोपली दे.

देवकी : तुमच्या जिवाला काय वाटतच नाय का?

बारकू : वाटतं गो. म्हणून तर टोपली सोडीत नाय.

देवकी : मग अंगठा देऊन मोकळे व्हा. फौजदारांनी कागद लिहून ठेवलाय. तुमी गावचे पंच, नुसता अंगठा टेकायचाय.

बारकू : कागदात काय लिवलंय ठावं हाय ना? होळीच्या आदल्या दिवशी मुरबाडच्या वाटेवरली टेलिफोनची तार तुटली, तेव्हा गोजर कोयता घेऊन त्या खांबापाशी व्हता नि मी त्याला पाह्यलं.

देवकी : कोयता घेऊन वाटेनं येताना लोकांनी पाह्यलं, म्हणून तर धरून नेलाय ना त्याला? नि तुमाला त्याचा पुळका कधीपासून? त्यानं आपला बांध हातभर कोरला, त्याला तीन वर्सं झाली. तुमी त्याच्याशी बोलत नाय, मी त्याच्या बायकोशी, सावळीशी, बोलत नाय. आपली म्हातारी गेली तरी आला नाय तो.

बारकू : आला व्हता. मसणात लांब उभा व्हता. मी हाक मारली नाय.

देवकी : हे कधी सांगितलं नाय मला.

बारकू : काय सांगणार? फौजदारांनी मला उगाच नाय निवडला. आमचं वाकडं हाय हे त्यांना कळलंय. म्हणाले, तुला तर आनंदच व्हईल.

देवकी : पण त्यानंच तोडली नसंल कशावरून? गेल्या साली ते 'चले जाव' झालं तेव्हापासून कोण काय करतंय, पत्ता लागत नाय. लढाय कुठं, नि पोलीस आपल्या दारात. उद्याचा भरवसा नाय कोणाला.

बारकू : त्यानं नाय तोडली. त्या दिवशी तो उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत ऐनाच्या झाडावर व्हता. राबासाठी पाल्याच्या फांद्यांचा टहाळ तोडीत.

देवकी : तुमाला कसं ठावं?

बारकू : मी समोरच्या ऐनावर व्हतो.

देवकी : म्हंजे सरकारी रानात?

बारकू : मग काय. आपले ऐन गेल्या साली छाटून ओकेबोके झाले. टहाळ पुरंना. चोरून शिरलो, झाडावर चढलो नि बघतो तर समोर गोजर. तो पण त्याच कामाला. आख्खा दिस दोघांचे कोयते चालले, शब्द नाय. दुपारी त्याचा पाण्याचा भोपळा खाली पडून फुटला. मी माझ्या भोपळ्यातलं अर्धं पाणी प्यालो नि उरलेलं त्याच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून आलो. तो उतरून प्याला. तरी शब्द नाय.

देवकी : म्हंजे ह्यो समोर पसरलाय तो...

बारकू : तोच टहाळ.

देवकी : मग पेटवा झटकन. जळून जाऊ दे. कोणाला कळणार नाय.

बारकू : मला कळतंय ना.

देवकी : खरं सांगितलंत तर तुमालाच आत घालतील. दोन पोरी घेऊन मी काय करू? असं करा, अंगठा देऊ नका, नि खरं पण सांगू नका. म्हणा, मी काय पाह्यलं नाय. बस.

बारकू : दोन दिस तेच मनात घोळवतोय. वाटतं, एवढं म्हटलं तरी पुरे. विस्तव दे इकडं.

(राब खालच्या कडेने धुमसू लागतो. बांधावरून महिपत शिपाई येतो.)

महिपत : बारकू, चल बाबा. साहेब खोळंबलेत.

बारकू : थोडं बसा, शिपाईदादा. आताच पेटवलाय. धरू दे नीट.

महिपत : वाऱ्याच्या समोरून लावलास ना? बरं केलंस. मी पण सापगावचा, शेतकऱ्याच्याच घरचा. वाऱ्याच्या पाठीनं लावला की भसकन जळतो नि खालची माती कच्चीच राहते. वहिनी, पाणी द्या जरा.

देवकी : घ्या. दादा, गोजरला मारलं का हो?

महिपत : ते विचारू नका. हट्टी माणूस आहे. दोन दिवस एकच धरून बसलाय, मी रानात टहाळ तोडीत होतो. साहेब म्हणाले, तुला तिथं पाहणारा एक माणूस दाखव, आत्ता सोडतो.

बारकू : मग?

महिपत : मग काय. म्हणतो, कोणी नव्हतं. एकटाच होतो.

बारकू : एकटाच म्हणाला?

महिपत : दहा वेळा विचारलं. दहाही वेळा एकटाच.

देवकी : एक नाव घेतलं असतं तर सुटला असता की.

महिपत : तेच मी त्याला म्हटलं, वहिनी. ऐकतोय कुठं.

बारकू : शिपाईदादा, तो एकटा नव्हता.

महिपत : थांब. मला सांगू नकोस. जे सांगायचं ते साहेबांपुढं सांग. पण सरकारी रान आहे, त्याची सजा ठरलेली आहे. वाटेत तासभर चालायचंय, विचार कर.

बारकू : झाला विचार. दोन दिसांत पहिल्यांदा पोटात भूक लागलीय. देवके, ती भाकर बांधून दे. दोन दे. एक गोजरला व्हईल.

देवकी : नि फौजदारांचा तो कागद?

बारकू : त्यावर अंगठा नाय द्यायचा आता.

देवकी : ही घ्या. नि कांबळं घ्या, तिथं निजायला लागलं तर. इकडचं मी बघते.

बारकू : रडू नको गो. राबाकडं ध्यान ठेव. कुठं माती सरकली तर लगेच टाक.

देवकी : ठावं हाय मला. जा तुमी.

महिपत : चल, बारकू. ऊन व्हायच्या आत पोचू.

(दोघे जातात. देवकी बांधापलीकडच्या गोजरच्या शेताकडं वळते.)

देवकी : सावळे, गो सावळे. पलीकडंच थांब, मी बांधावरनं विस्तव घेऊन येते. गोजर येईपर्यंत तुमचा राब कशाला पडून राह्यला पायजे?