खोबरेल आणि कवटी

तुम्ही हसाल, पण जन्मभर कारकुनी करून माझ्या डोक्याला पहिली मागणी आली ती निवृत्तीनंतर, कॅनडात. माझी भाची सई तिथल्या ओंटारिओतल्या लंडनला ऑस्टिओपथी, म्हणजे हातांनी हाडं-स्नायू बरे करायची विद्या, शिकत होती; मी तिच्याकडे गेलो होतो. कवटीला हलका हात लावून उपचार शिकायचा क्लब तिने काढला होता. एके दिवशी तिने प्रात्यक्षिक ठेवलं; त्यात सभासद मिळाले नाहीत तर क्लब बंद होणार होता.

"मामा, नुसतं पडून राहायचं. मुलं डोक्याला हात लावतील."

मी गोठलेलं खोबरेल हीटरवर पातळ केलं आणि डोक्यावर थापून क्लबात गेलो.

"मामा, तेल कशाला?"

"कोरड्या डोक्याला कुणी हात लावतं का?"

सईने मला टेबलावर आडवं केलं. मग दहा बोटं डोक्याखाली आली, खिडकीबाहेरचा बर्फ वर जातोय असं वाटू लागलं आणि मी पाण्यावर तरंगत कुठेतरी निघालो.

जाग आली तेव्हा केरळची एक मुलगी माझं डोकं धरून, डोळे मिटून बसली होती. "स्मेल्स लाइक होम," ती पुटपुटली. मागे रांग होती. सगळ्यांनी नावं नोंदवली.

परतताना मी विचारलं, "मग, डोक्यात काय सापडलं?"

"खूप शोधलं, मामा. आत एकदम शांत आहे म्हणाले."