कॅम्पच्या माश्यांचा अर्धा तास

मंडळी, माफ करा. फार उशिरा बोलायला उठलो. या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नाही, आणि माझ्याने बोलवतही नाही. पण आपले विभागप्रमुख वर्मा सर आत्ता जे बोलून खाली बसले, ते ऐकून मला बसवेना.

मी दामोदर. कुंदा मॅडमच्या लॅबचा अटेंडंट. भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झालो आणि कॉलेजात लागलो. शिक्षण सातवी नापास. बोलताना चुकलो तर समजून घ्या.

मॅडम गेल्या, हे मला अजून पटत नाही. शनिवारी परीक्षेच्या ड्युटीवरून निघाल्या, जिन्यात बसल्या, आणि उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. अहो, शुक्रवारी त्या मला रागावल्या होत्या. "काका, बीपीची गोळी कावून नाई घेतली? तुमाले काही झालं त माश्या कोण सांभाळन?" माझी गोळी! माझी काळजी! आणि गेलं कोण?

वर्मा सर म्हणाले, मॅडमचा शेवटचा लेख सोमवारी छापायला पाठवतो, तीच आपली श्रद्धांजली. सर, तुमचं मन मोठं आहे. पण तो लेख पाठवू नका. हात जोडतो, पाठवू नका. त्यात चूक आहे. मॅडमची नाही. माझी आहे.

सांगतो. मॅडम माश्या पाळायच्या. केळं सडलं की घिरट्या घालतात ना, तिळाएवढ्या, त्या. वैनी, तुम्ही मॅडमच्या आई, तुम्हीच म्हणायच्या, "घरातल्या माश्या हाकलत नाई, अन् तिकडे पगार घेऊन माश्या पोसून राहिली पोरगी!" मॅडम हसायच्या. मीही हसायचो. मका आणि गूळ शिजवून मीच त्या माश्यांचं जेवण करायचो.

एकदा मी विचारलं, ह्यांच्यात बघता तरी काय? त्या म्हणाल्या, "काका, प्रत्येक जिवात एक मोठं रजिस्टर असते. त्यातून कामाच्या चिठ्ठ्या उतरवणं दिवसरात्र चालू असते. पण गरमीचा मार बसला का रोजच्या चिठ्ठ्या बंद. फक्त जीव वाचवायच्या चिठ्ठ्या भराभर निघतात."

मी म्हटलं, "म्हणजे आग लागली का शिफ्टचं काम बंद अन् सगळे पाण्याच्या पायपाकडे?"

"हाव काका! बरोबर तसंच!"

मग दुर्बिणीखाली दाखवलं. अळीच्या अंगातला धागा, त्यावर पट्टे. गरमी लागली की ज्या जागी चिठ्ठ्या निघतात, तिथे धागा फुगतो. मी डोळ्यांनी पाहिला. त्या माश्या डोंगराकडच्या थंड गावातून आणलेल्या होत्या. आता मॅडमना बघायचं होतं, की भिलाईची गरमी सोसणाऱ्या माश्यांचं काय होतं. कॅम्प-1 वस्तीच्या बाजारातून, केळ्यांच्या ढिगावरून, त्या स्वतः माश्या धरून आल्या. माहेर तिथलंच ना त्यांचं.

जानेवारीत त्यांना सकाळी दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायला जावं लागे. म्हणून पाणी गरम करायच्या मशीनचं काम माझ्यावर आलं. आधी ते त्या स्वतः करायच्या. मला कागद लिहून दिला. सदतीस डिग्री. अर्धा तास. आणि खाली शब्द होता, शॉक.

शॉक.

मंडळी, मी प्लांटात इलेक्ट्रिकलचा खलाशी, म्हणजे हेल्पर. तारा ओढण्यात जन्म गेला. मी एकच शॉक ओळखतो. माझा धाकटा भाऊ गावी, ओल्या पायाने, पंपाच्या तारेला चिकटून गेला. मी त्याला बांबूने सोडवला. आणि इथे पाण्यात जीव ठेवून शॉक द्यायचा? मॅडमचं ऐकायचं होतं, आणि त्या जिवांना मारायचंही नव्हतं. मी स्विच बंद केला. पाणी थंड होऊ दिलं. बोट बुडवून पाहिलं. मग माश्यांच्या अळ्यांच्या नळ्या ठेवल्या. घड्याळ लावून अर्धा तास. चार दिवस. चारही दिवस तसंच.

मॅडम आल्या की विचारायच्या, "काका, अर्धा तास ठेवल्या ना?" मी म्हणायचो, "हाव मॅडम, पुरा अर्धा तास." खोटं नव्हतं. आणि खरंही नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी दुर्बिणीवरून ओरडून बोलावलं. "काका, या इकडे! धागा फुगलाच नाई! डोंगरावरच्या माश्या घाबरल्या, अन् आपल्या कॅम्पच्या पोट्ट्यायले काहीच वाटून नाई राहिलं!" सिविक सेंटरच्या बाजारातून जिलेबी मागवली. मी भीत भीत विचारलं, "मॅडम, शॉकनं मेल्या त नाई ना?" त्या पोट धरून हसल्या. "अहो काका, करंट नाई! गरमीचा झटका. म्हणून त पाणी गरम करतो आपण."

तेव्हा कळलं मला, धागा फुगला नाही तो माझ्या थंड पाण्यामुळे. त्याच क्षणी कळलं. तोंडात जिलेबी होती, आणि मी गप्प बसलो. इतकी खुश बाई मी आठ-नऊ वर्षांत पाहिली नव्हती. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

लेखात त्यांनी तेच लिहिलं, पण म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या आधी मी स्वतः पुन्हा करीन, काका. एवढं चांगलं निघालं का मले भेव वाटते." मी सुटलो. म्हटलं, त्या स्वतः करतील, खरं आपोआप निघेल, मला बोलावं लागणार नाही. रोज मनात म्हणत होतो, पुढच्या आठवड्यात करतील. पुढच्या आठवड्यात करतील. आणि पुढचा आठवडा हा असा आला.

आज नाही बोललो, तर मॅडमच्या नावाने खोटं छापलं जाईल. जी बाई प्रत्येक मोजमाप चार वेळा तपासायची, तिच्या नावाने.

वैनी, मला शिव्या द्या. सर, नोकरीवरून काढा. माझं काही म्हणणं नाही. पण कॅम्पच्या माश्या जित्या आहेत. परवाच मी त्यांना नव्या नळ्यांत टाकलं. जाणता माणूस पाठवा, त्याने आपल्या हाताने पाणी तापवावं, मी स्विचजवळ उभाही राहणार नाही. कदाचित धागा फुगेल. कदाचित खरंच नाही फुगणार, कोण जाणे. जे निघेल ते मॅडमचं म्हणून छापा.

कुंदा मॅडम, तुम्हाला माझा नमस्कार. जिवंतपणी सांगायला हवं होतं.

आणि सर, ऊन वाढतंय. त्या खोलीत माश्या फार दिवस टिकणार नाहीत. कोण येतो, कधी येतो, मला लवकर कळवा. मी लॅबमध्येच आहे. लवकर कळवा.