पाहुण्यांचं पाणी

ठमाबाई : सायेबांना उन्हातनं कशाला आनलात, मास्तर? निरोप धाडला असतात तर मीच पनवेलला शाळंत आली असती.

मास्तर : काम इथलंच आहे, ठमाबाई. हे गद्रेसाहेब मुंबईच्या प्रयोगशाळेतून दर महिन्याला मुलांना शिकवायला येतात, ते तुमची वेणू सांगत असेलच.

ठमाबाई : सांगते तर. कागद निळा कसा होतो, लाल कसा होतो. सुखानं जेवू देत नाय.

गद्रे : गेल्या खेपेला मी मुलांना म्हटलं, आपापल्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणा. आणलं. थेंबभर औषध टाकलं की खारं पाणी दुधाळ होतं. पण तुमच्या कामोठ्याचं, खारघरचं, विचुंब्याचं, एकही झालं नाही. सगळं गोडं.

ठमाबाई : मग बराच झाला की.

गद्रे : बरं कसलं? मग शाळेमागच्या विहिरीचं तपासलं. बाटल्यांतलं पाणी तेच होतं.

मास्तर : वेणूला विचारलं, तर खाली मान घालून उभी.

ठमाबाई : तिला बोलू नका. मीच सांगितला, आपला पानी वाटंत ओत नि शाळंमागं भर. सगळ्याच आयांनी सांगितला. मुंबयवरनं पाव्हना येतो, त्याच्या म्होरं खारा पानी ठेवायचा?

गद्रे : मी ते पिणार नव्हतो, बाई. काचेच्या नळीत घालणार होतो.

ठमाबाई : वेनू बोलली तसा. तरी पन पाव्हन्याच्या हातात देयाचा ना.

मास्तर : अहो, लोकल बोर्ड यंदा एकाच गावाला गोड्या पाण्याची विहीर खणून देणार आहे. कोणत्या, ते साहेबांचा निकाल बघून ठरणार. हा निकाल असाच गेला तर कामोठ्याची विहीर गेली म्हणून समजा.

ठमाबाई : आनि खारा म्हनून गेला तर? आमच्या आनंदाला पोरगी बघतोय आमी. कामोठ्याचा पानी खारा, असा सायेबानं लिवला, तर कोन देल पोरगी?

गद्रे : आता काय कोणाला ठाऊक नाही?

ठमाबाई : ठाव सगळ्यांना हाय. लिवलेला नाय कुनी.

मास्तर : आणि सून आली की ती काय पिणार?

ठमाबाई : मी पिते तेच.

गद्रे : तिची मुलं?

(ठमाबाई उठते.)

ठमाबाई : बसा. पानी आनते. पाव्हन्यांसाठी येगळा हंडा असतो, पनवेलवरनं आनलेला.

गद्रे : त्यातलं नको. वेणू पिते ते द्या. एक बाटली भरून, आणि एक पेला.

ठमाबाई : बाटली कळली. पेला कशाला?

गद्रे : तहान लागलीय.

मास्तर : साहेब, सवय नाही तुम्हाला. पोट बिघडेल.

गद्रे : बिघडू दे. आणा, बाई.

ठमाबाई : ही बाटली. विहिरीचाच हाय, लिवा काय ते. आनि हा पेला. पन तोंड वाकडा करू नका, सायेब. दारात पोरं बघतायत. त्यांना हाच प्यायचा हाय.