डावीकडे

सुज्ञ वाचकांस विदित व्हावे, की पुढे सादर होणाऱ्या संवादात रक्त सांडले आहे आणि ते आप्तांनीच आप्तांचे सांडले आहे. कोमल मनाच्या वाचकाने ही पूर्वसूचना समजावी. प्रसंग अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला, सन २००४ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारचा. त्या वर्षी हिमवृष्टीने दगा दिला होता. सारा डोंगर उघडाबोडका, मधोमध यंत्राने फवारलेल्या बर्फाचा एकच अरुंद पट्टा, आणि त्या पट्ट्यावर स्की करायला अवघी गर्दी लोटलेली. बेलव्ह्यूहून आलेली तीन माणसे आता पायथ्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत बसली आहेत : हिमानी, तिचा नवरा सिद्धेश आणि तिचा धाकटा भाऊ केदार. हिमानीचे मनगट मोडले आहे. सिद्धेशचे तोंड फुटले आहे. डोंगरावरचे रक्षक दुसऱ्या जखमीच्या हाकेला धावून गेले आहेत आणि शेरिफचा माणूस वाटेवर आहे. मध्ये मी बोलणार नाही. ज्याचे त्यानेच बोलावे.

सिद्धेश : आणि दात? दात सापडला का कुणाला?

हिमानी : बर्फात कोण शोधणार आता. तो टॉवेल दाबून धर, पुन्हा वाहतंय.

सिद्धेश : पुढचा दात आहे, हिमानी. सोमवारी प्रेझेंटेशन आहे माझं.

केदार : शेजारचाही देतो काढून. मॅचिंग होईल.

हिमानी : केदार, तू गप्प बस.

केदार : मी काहून गप्प बसू, ताई? तुझा हात बघ, वांग्यासारखा सुजून राहिला. मी खालून पाहून राहिलो होतो. तू बाजूला सरकत होती आणि हा स्नोबोर्ड घेऊन नेमका तिथंच घुसला. तू पट्ट्याच्या बाहेर, त्या दगडांवर.

सिद्धेश : घुसलो नाही. मी आधीपासून त्याच बाजूने येत होतो. ओरडलोही होतो.

केदार : हो, ऐकलं अख्ख्या डोंगरानं. बायकोवर ओरडायची सवयच आहे तुला.

सिद्धेश : कालपर्यंत मी 'जिजाजी' होतो. 'तुम्ही' होतो.

केदार : जिजाजीला काठीनं हाणता येत नाही. म्हणून 'तू' केलं.

सिद्धेश : ऐकलंस, हिमानी? स्वतः कबूल करतोय. स्कीची काठी तोंडावर मारली, पडल्यावर बुटाची लाथ घातली. तो बूट म्हणजे काय चप्पल आहे? प्लॅस्टिकचा दगड आहे तो. लाल जॅकेटवाल्या दोघा रक्षकांनी ओढलं नसतं, तर मेलो असतो मी.

केदार : चुकलं त्यांचं.

हिमानी : हे वाक्य तू शेरिफसमोर बोललास ना, तर तुझा एच-वन व्हिसा गेला. ग्रीन कार्ड गेलं. नागपूरला आईबाबांना काय सांगू मी?

सिद्धेश : ते मी सांगेन फोन करून. असॉल्ट म्हणतात याला. हातकड्या घालून नेतील आणि मी चार्जेस मागे घेणार नाही. सिंपल.

केदार : ताई, तू त्या माणसाला एकच गोष्ट सांग. ह्यानं मुद्दाम धडक दिली. बस. मग मी बहिणीला वाचवलं, असं होते. जायचं तर हा जाईल.

सिद्धेश : खोटं बोलायला शिकवतोयस तिला?

केदार : खोटं? काल मुक्कामाच्या केबिनवर कोण बोललं, 'हिला डोंगरावरून ढकललं तरी हिला वळता येणार नाही'? मी तिथंच बसून मॅगी खाऊन राहिलो होतो.

सिद्धेश : जोक होता यार. सगळे हसले. तूही हसलास.

केदार : हसलो. ते आठवलं, म्हणूनच दुसऱ्यांदा लाथ घातली.

हिमानी : सिद्धेश, तू मागून काय ओरडलास?

सिद्धेश : काय म्हणजे?

हिमानी : नेमका शब्द सांग.

सिद्धेश : 'डावीकडे.' इथे सगळे ओव्हरटेक करताना 'ऑन युअर लेफ्ट' म्हणतात ना, ते. म्हणजे मी तुझ्या डावीकडून जातोय, तू आहेस तिथेच राहा. सकाळपासून तू इंग्रजीत ओरडणाऱ्यांकडे लक्ष देत नव्हतीस, म्हणून मराठीत ओरडलो. म्हटलं, आपली भाषा लगेच कळेल.

हिमानी : लगेचच कळली. तू 'डावीकडे' म्हणालास, मी डावीकडे गेले.

केदार : म्हणजे?

हिमानी : आपल्याकडे रिक्षावाल्याला मागून 'डावीकडे' म्हटलं, तर तो काय करतो? वळतो. बाई स्वतःच आपल्या डावीकडून पुढे जाणार आहेत, असं त्याला वाटतं का? मीही वळले. वळले म्हणून याच्यासमोर आले.

सिद्धेश : तेच तर. ऐकलंस, केदार? ॲक्सिडेंट. एका शब्दाची चूक, आणि त्यासाठी तू माझा जबडा फोडलास.

केदार : ताई, खरंच?

हिमानी : खरंच. नीट बर्फ पडला असता तर मऊ ढिगात दोघं आपटलो असतो आणि कपडे झटकून उठलो असतो. पट्टा एवढासा, बाहेर सगळा दगड.

सिद्धेश : मग शेरिफच्या त्या डेप्युटीला हेच सांग. माझ्या नवऱ्याने काही केलेलं नाही, म्हणून सांग.

हिमानी : आज नाही.

सिद्धेश : आज नाही काय?

हिमानी : आज तू काही केलेलं नाहीस.

केदार : ताई, ते दिवाळीतलं. कपाळावरचं. तू म्हणाली होती, किचनमधल्या कपाटाचं दार लागलं.

हिमानी : दार लागलं, ते खोटं नव्हतं. मी दारावर गेले कशी, ते तू विचारलं नाहीस.

केदार : मला दिसलं होतं, ताई. तू खोटं हसत होती, तेही दिसलं. चकल्यांचं ताट समोर आलं आणि मी खात बसलो.

सिद्धेश : हे बघ, तो विषय आपल्या दोघांत मिटला होता. मी सॉरी म्हणालो होतो. फुलं आणली होती. हिमानी, उभी का राहिलीस? इकडे ये. बस खाली. बस म्हणतो ना.

(सिद्धेश तिच्या धड हाताचा दंड आवळून तिला खाली ओढतो. केदार त्याची मान पकडून त्याचे डोके भिंतीवर आपटतो, पुन्हा आपटतो. औषधांचा ट्रे जमिनीवर कोसळतो.)

हिमानी : केदार, सोड. काय करून राहिला तू? डोळे फिरले त्याचे, सोड. हे माझ्यासाठी चाललंय ना? मग मी थांब म्हणते तेव्हा थांब. नाहीतर तुझ्यात आणि त्याच्यात मी फरक काय करू?

केदार : सोडलं.

हिमानी : मागे हो. आणखी मागे. सिद्धेश, मी दिसतेय का तुला?

सिद्धेश : दिसतेयस. जनावर आहे तुझा भाऊ. गाडी आली बघ बाहेर, आवाज येतोय. हिमानी, नीट विचार कर. तुझा व्हिसा माझ्यावर आहे. मी बुडालो तर तूही परत. फक्त आजचं सांग. ॲक्सिडेंट म्हण.

केदार : मुद्दाम म्हण, ताई. आता तर हक्कच आहे तुला.

सिद्धेश : ॲक्सिडेंट होता, तूच म्हणालीस.

केदार : एकदा मुद्दाम म्हण, मी वाचतो.

हिमानी : झालं? एक डावीकडे म्हणतोय, एक उजवीकडे. मागून ओरडणारे दोघंही.

केदार : मग काय सांगशील?

हिमानी : आजचं आजच्यासारखं. त्याने मुद्दाम केलं नाही. तू त्याला मारलंस, ते स्की-लिफ्टच्या अख्ख्या रांगेने पाहिलंय. मी लपवणार नाही. आणि दिवाळीतलं दिवाळीतल्यासारखं सांगेन. तेही लपवणार नाही.

केदार : मला नेतील, ताई.

हिमानी : नेतील. आज संध्याकाळपर्यंत वकील शोधते. चकल्या आत नेऊ देतात का, तेही विचारते.

केदार : आणि तू? घरी जाशील ह्याच्याबरोबर?

हिमानी : नाही.

सिद्धेश : ठीक आहे, ठीक आहे. मी चार्जेस मागे घेतो. केदारला काही होणार नाही. बर्फावर पाय घसरला, दगडावर तोंड आपटलं, असं सांगतो. तू दिवाळीचं सोड, मी केदारचं सोडतो. डील?

केदार : ताई.

हिमानी : माझ्याकडे असं बघू नकोस, केदार. रडायला येईल आणि मग मी हो म्हणेन.

केदार : नको म्हणू.

सिद्धेश : दार वाजतंय. हिमानी, शेवटचं विचारतो.

हिमानी : बाजूला हो, सिद्धेश. दार उघडायचंय मला.

सिद्धेश : कुठल्या बाजूला?

हिमानी : तुझं तू बघ. मी सरळ जातेय.

संवाद येथे पूर्ण झाला. शेवटपर्यंत सोबत केलेल्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
राजाराम लक्ष्मण भोगटे