कोणी आहे का घरात?

कम्प्युटरच्या खेळांना तुम्ही खुशाल शिव्या द्या, मी देणार नाही. आमची नवी सून हो-नाहीपलीकडं बोलतच नव्हती. एकदा ती खेळत होती, मी शेजारी बसले.

म्हणाली, "आई, ह्यात आपणच चालायचं, दारं उघडायची, कोडी सोडवायची. ह्यांना घड्याळ लावलेला खेळ आवडतो, मला निवांत फिरायचा."

"मलाबी निवांतच दे."

खेळात चालत एका घरापाशी गेले अन् थांबले.

"जा ना आत."

"लोकाच्या घरात अशीच घुसू?" मी जोरात हाक मारली, "कोणी आहे का घरात?"

आमच्या शनवारा पेठेत घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडून शेजारीण ओरडली, "आहे ना, ये की!"

सून हसून हसून लोळली. संध्याकाळी शेजारणीला सगळा किस्सा तिनंच सांगितला. मी ऐकत बसले अन् त्या खेळाला मनातून हात जोडले.