मूठ धरली ती थोरलीने

(दरबाराशेजारची लहान खोली. दार बाहेरून लावलेलं. आत सेनापतींची थोरली मुलगी आणि शेजारच्या संस्थानचे धाकटे सरकार.)

थोरली : हात इकडे करा. रक्त थांबलं का?

सरकार : थांबलं. बाईसाहेब, मी काय तोंडाने माफी...

थोरली : माफी राहू द्या. तलवारीचं पातं असं मुठीत कोण धरतं?

सरकार : निसटत होती, म्हणून धरली. मी नकाशे काढणारा माणूस. माझ्या हातात बोरू शोभतो.

थोरली : बोटं गेली असती तुमची! माझ्याकडे शिकणारा कुणी चुकला, की मी अशीच मूठ धरून तलवार काढून घेते. हात आपोआप पुढे गेला हो.

सरकार : आणि अख्खा दरबार उठून उभा राहिला.

थोरली : वडिलांनी तर डोळे पुसले. तेहतीस वर्षांची घोडनवरी उजवली एकदाची!

सरकार : नवऱ्यामुलाने पुढे केलेल्या तलवारीची मूठ जिने धरली, तिच्याशी लग्न ठरलं. दोन्ही घराण्यांचा रिवाज.

थोरली : रिवाज मला शिकवू नका. ती तलवार धाकटीसाठी होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आत कागद लिहिला जातोय माझ्या नावाचा!

सरकार : माझ्याही.

थोरली : तुमचं काय जातंय? खिंडीवरचं ठाणं बारा वर्षं मी सांभाळतेय. दोनशे स्वार माझ्या एका शब्दावर खोगीर चढवतात. तुमच्या घरच्या सुना देवडीबाहेर पाऊल तरी टाकतात का?

सरकार : आई वीस वर्षांत दोनदा बाहेर पडली. दोन्ही वेळा माहेरी कुणी वारलं म्हणून.

थोरली : बघा! कुलूप असतं का हो देवडीला?

सरकार : छे. दोन म्हातारे बसलेले असतात. इतके अदबीने बोलतात, की ओलांडायची कुणाला हिंमतच होत नाही.

थोरली : मी गुदमरून मरेन तिथे. स्पष्टच सांगते.

सरकार : मग मी आत जाऊन सांगतो, की चूक माझी. मूर्ख ठरेन. घरात तसंही मला शहाणा कोण म्हणतंय?

थोरली : सांगाल? भर दरबारात?

सरकार : सांगेन.

थोरली : मग उठा की! वाट कसली बघताय?

सरकार : त्यानंतरचं ठाऊक आहे ना? परत घेतलेली तलवार आजच्या आज त्याच घरातल्या दुसऱ्या मुलीपुढे करावी लागते.

थोरली : धाकटीपुढे. मग झालं तर! तिचंच तर ठरलं होतं. तयार आहे ती.

सरकार : तुम्ही तिच्या शेजारी उभ्या होतात, तुम्हाला तिचा चेहरा दिसला नसेल. मी समोर होतो. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मी तलवार पुढे केली, तशी ती मागे सरकली. म्हणून तर माझी पकड सुटली.

थोरली : लाजली असेल.

सरकार : थरथरत होती, बाईसाहेब.

थोरली : मग बोलली का नाही? मी काय परकी आहे?

सरकार : तुमच्याजवळ काहीच बोलली नाही?

थोरली : सकाळी आली होती तबेल्यात. "ताई, एक विचारू?" म्हणाली. मी घोडीचा खूर धरून बसले होते. म्हटलं, आता नको, समारंभ उरकू दे, मग विचार.

सरकार : हं.

थोरली : सतरा वर्षांची आहे हो ती. आई गेली तेव्हा माझ्या कडेवर होती.

सरकार : हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही सुटाल, असं वाटलं.

थोरली : आणि तुम्ही?

सरकार : मला कुठे काय विचारलं होतं कुणी? तिचं नावसुद्धा आज कळलं.

चोपदार : (दाराबाहेरून) बाईसाहेब, कागद तयार आहे. मंडळी खोळंबली आहेत. कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगावं, असा निरोप आहे.

सरकार : मी बोलू? अजून वेळ आहे, बाईसाहेब.

थोरली : गप्प बसा.

चोपदार : काय सांगू आत?

थोरली : सांगा, थोरली येतेय. आणि कुणाला तरी धाकटीकडे पाठवा. म्हणावं, आता दोन घास खाऊन घे. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या.